दामोदरचा पूर आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे महाडचा सत्याग्रह उभा राहतो, संविधान सभेतील त्यांचे कार्य उभे राहते आणि नागपूरच्या भूमीवर झालेली धम्मक्रांती उभी राहते. हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्या जीवनातील एक पर्व असे आहे की, ज्याचा उल्लेख जयंतीच्या भाषणांत क्वचितच होतो. ते पर्व म्हणजे १९४२ ते १९४६ या चार वर्षांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य या नात्याने त्यांनी देशातील नद्या, महापूर आणि वीज यांसंबंधी केलेले काम. आपल्या वसतिगृहात दिवा लागतो तो विजेने, आणि पावसाळ्यात धरणातून किती विसर्ग सोडला याची बातमी आपण रोज ऐकतो. या दोन्ही गोष्टींशी बाबासाहेबांचा संबंध किती जवळचा आहे, हे विद्यार्थ्यांना कळावे या हेतूने आम्ही या स्मरणिकेसाठी त्यांच्या चरित्राचा हा भाग निवडला आहे.

पाण्याने दिलेले पहिले धडे

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. पुढे कुटुंब साताऱ्यास आले आणि तेथील शाळेत बालभीमाला पाण्याचा पहिला धडा मिळाला. तहान लागली तरी शाळेतील पाण्याला हात लावण्याची मुभा त्याला नव्हती. शिपाई वरून पाणी ओतील तेव्हाच ओंजळ भरायची, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहायचे. निसर्गाने सर्वांना दिलेली वस्तू माणसांच्या व्यवस्थेमुळे काहींना मुळीच मिळत नाही, हे सत्य त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए., सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ साली डी.एस्सी. आणि सोबत बॅरिस्टरची पदवी, हा सर्व प्रवास आपल्या परिचयाचा आहे. मायदेशी परतल्यावर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी या सभेच्या वतीने सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. आपल्यासारख्या निवासी शाळांची परंपरा तेथपर्यंत मागे जाते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आणि हजारो अनुयायांनी प्राशन केले. तळे नगरपालिकेने आधीच सर्वांसाठी खुले केलेले होते. तरीही तो हक्क बजावताच जमावावर हल्ला झाला आणि तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण करण्यात आले. त्यानंतर हा लढा न्यायालयात गेला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. दहा वर्षे एका तळ्यासाठी झगडलेला हा माणूस पुढे संपूर्ण देशाच्या नद्यांचा विचार करणार होता.

अर्थशास्त्रज्ञाची दृष्टी

बाबासाहेबांची नदीविषयक भूमिका समजून घ्यायची असेल तर त्यांच्या अर्थशास्त्राकडे पाहिले पाहिजे. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी दरिद्री आहे, असे त्या काळचे अनेक विद्वान मानीत. बाबासाहेबांनी प्रश्न वेगळ्या ठिकाणी दाखविला. जमिनीवर अवलंबून असलेली माणसे गरजेपेक्षा फार अधिक आहेत आणि त्यांच्या हाताला दुसरे काम नाही, हे खरे दुखणे होय, असे त्यांनी मांडले. या अतिरिक्त हातांना उद्योगधंद्यांत सामावून घेतल्याविना शेतीचीही सुधारणा होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

उद्योग वाढवायचे तर यंत्रे हवीत, आणि यंत्रे चालवायची तर स्वस्त व मुबलक वीज हवी. मुंबईत परळच्या गिरणगावात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. सह्याद्रीवर पडणारे पावसाचे पाणी लोणावळ्याच्या बाजूला साठवायचे आणि घाटाखाली उंचावरून सोडून त्याच्या जोरावर जनित्रे फिरवायची, ही कल्पना महाराष्ट्राच्या भूमीत तोवर रुजलेली होती. मात्र ती खाजगी उद्योगाची योजना होती. नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा, तेथे राहणाऱ्या सर्व माणसांचा आणि पुराचा एकत्र विचार करण्याचे काम अद्याप कोणी हाती घेतलेले नव्हते.

मजूर सदस्य

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांनी मजूर सदस्याचे पद स्वीकारले. दुसरे महायुद्ध पेटलेले होते, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला होता. खात्याचे नाव मजूर असले तरी त्याच्याकडे खाणी, सरकारी बांधकामे, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. युद्धानंतरच्या पुनर्रचनेची आखणी करण्यासाठी सरकारने समित्या नेमल्या, त्यांपैकी सार्वजनिक बांधकामे व विद्युतशक्ती यांविषयीच्या धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये या समितीपुढे बोलताना त्यांनी वीज हा केवळ तांत्रिक प्रश्न मानण्यास नकार दिला. भारतात वीज कशासाठी हवी, हा प्रश्न त्यांनी आधी उभा केला, आणि दारिद्र्याच्या चक्रातून माणसाची सुटका करण्यासाठी, असे त्याचे उत्तर दिले.

परंतु कागदावरच्या या विचाराला कृतीची निकड आणली ती एका नदीने.

शोकाची नदी

दामोदर नदी छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते आणि सुमारे साडेपाचशे किलोमीटर वाहत जाऊन हुगळीस मिळते. बराकर ही तिची प्रमुख उपनदी. वरचा भाग डोंगराळ, उताराचा आणि झाडी तुटल्याने उघडा पडलेला; खालचा भाग बंगालचा सपाट मैदानी प्रदेश. बंगालच्या उपसागरावरून येणारी वादळी पावसाची लाट पठारावर दोनतीन दिवस थांबली की सारे पाणी उतारावरून एकाच वेळी धावत खाली येई, आणि सपाटीवर पोहोचताच नदीच्या पात्रात मावेनासे होई. उन्हाळ्यात मात्र याच नदीत वाळूचे पट्टे दिसत. बंगालचे दुःख असे नावच तिला पडले होते.

या दुःखावर शतकानुशतके एकच उपाय केला जात होता. नदीच्या काठाने मातीचे बांध घालायचे. या उपायात एक मोठा दोष होता. पुराचे पाणी पसरले म्हणजे गाळ शेतावर पसरतो. बांधांमध्ये कोंडले म्हणजे तोच गाळ पात्रात साचतो आणि तळ वर येतो. मग बांध आणखी उंच करावे लागतात, आणि एखाद्या पावसाळ्यात ते फुटले म्हणजे पूर्वीपेक्षा मोठा अनर्थ होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तर डाव्या काठावरील शहरे, रस्ता व रेल्वे वाचविण्यासाठी उजव्या काठाचे बांध काही मैल काढून टाकण्यात आले. एका काठाचे रक्षण दुसऱ्या काठाच्या नुकसानीवर उभे राहिले. दुर्बळांच्या बाजूचा बांध कोणी आणि का काढावा, हा प्रश्न आम्हाला येथे महत्त्वाचा वाटतो.

जुलै १९४३ मध्ये बर्दवानजवळ डाव्या काठाचा बांध फुटला. हा पूर दामोदरच्या इतिहासातील सर्वांत मोठा नव्हता. १९१३ व १९३५ चे पूर त्याहून मोठे होते. परंतु फुटलेल्या बांधातून निघालेल्या पाण्याने गावे बुडविली, ग्रँड ट्रंक रोड तोडला आणि ईस्ट इंडियन रेल्वेचा मुख्य लोहमार्ग उखडून टाकला. युद्धाच्या ऐन धामधुमीत कलकत्ता शहराचा उर्वरित भारताशी असलेला मुख्य संबंध तुटला. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि लाखो माणसे अन्नावाचून मरत होती. पुरामुळे लष्कराची वाहतूक थांबली म्हणून सरकार हलले, हे खरे. परंतु हललेल्या त्या सरकारमध्ये बाबासाहेब बसलेले होते, म्हणून पुढचा इतिहास वेगळा झाला.

एका नदीचा एकच विचार

बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली पूर चौकशी समिती नेमली. विख्यात शास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा हे या समितीचे सदस्य होते. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले होते. धरणांच्या साखळीने पूर आवरणे, वीज निर्माण करणे, जलवाहतूक सुलभ करणे आणि खोऱ्यातील शेती सुधारणे ही सारी कामे ते एकाच हाताने करीत होते. दामोदरसाठीही असेच प्राधिकरण असावे, अशी समितीची शिफारस होती. बाबासाहेबांच्या मजूर खात्याने ही सूचना उचलून धरली. टेनेसीच्या कामाचा अनुभव असलेले अभियंता व्होर्डुइन यांना भारतात बोलावण्यात आले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी दामोदरच्या एकात्मिक विकासाचा प्राथमिक आराखडा सादर केला.

अडचण अभियांत्रिकीची कमी आणि राज्यकारभाराची अधिक होती. १९३५ च्या कायद्याप्रमाणे पाटबंधारे हा प्रांतांचा विषय होता. दामोदरचे पाणी अडविण्यास योग्य जागा तेव्हाच्या बिहार प्रांतात होत्या, आणि पुराने बुडणारी गावे बंगालमध्ये होती. बंगालचे रक्षण व्हावे म्हणून बिहारने आपली जमीन पाण्याखाली का घालावी, हा प्रश्न बिहारच्या दृष्टीने अगदी न्याय्य होता.

३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्ता येथे केंद्र, बंगाल व बिहार या तिन्ही सरकारांच्या प्रतिनिधींची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि त्याच वर्षी पुढील बैठका झाल्या. तेथे त्यांनी जी भूमिका घेतली, तीत या प्रश्नाचे उत्तर होते. धरण केवळ पूर रोखण्यासाठी बांधले तर त्याचा लाभ एकाच प्रांताला होईल, आणि वर्षातील काही दिवसांपलीकडे ते रिकामेच उभे राहील. तेच धरण पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक या सर्व हेतूंनी बांधले तर ज्याची जमीन जाते त्यालाही काही मिळते. रेल्वे जशी प्रांताच्या सीमेवर थांबत नाही, तशी नदीही थांबत नाही. म्हणून नदीचा विचार प्रांतांच्या वाटणीने करता येत नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

धरण पुराला कसे आवरते

येथे क्षणभर थांबून, विद्यार्थ्यांसाठी, हे बहुउद्देशीय धरण प्रत्यक्ष काम कसे करते ते सांगितले पाहिजे.

पूर म्हणजे पाणी अधिक येणे, एवढेच नव्हे. थोड्या वेळात अधिक येणे, हे त्याचे खरे स्वरूप. धरण पाणी नाहीसे करीत नाही. ते वेळ बदलते. दोन दिवसांत येणारा लोंढा साठवून घ्यायचा आणि पुढच्या अनेक दिवसांत पात्राला झेपेल इतका खाली सोडायचा. धरणात येणाऱ्या पाण्यास येवा म्हणतात आणि सोडलेल्या पाण्यास विसर्ग. येवा मोठा असताना विसर्ग लहान ठेवता आला, तर पुराचा माथा कापला जातो.

दामोदरच्या आराखड्यात सेकंदाला दहा लाख घनफूट इतका महापूर गृहीत धरला होता, आणि तो अडीच लाख घनफुटांपर्यंत खाली आणण्याचे उद्दिष्ट होते. म्हणजे माथ्याच्या वेळी सेकंदाला साडेसात लाख घनफूट पाणी जलाशयांत थांबवून धरावयाचे. एका तासात हे पाणी २७० कोटी घनफूट, म्हणजे २.७ टीएमसी होते. पुण्याच्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा सुमारे दोन टीएमसी आहे, हे ध्यानात घेतले की एका तासाचा हा हिशेब किती मोठा आहे ते कळते. असा पूर आवरण्यास एक धरण पुरत नाही. म्हणून व्होर्डुइन यांच्या आराखड्यात दामोदर, बराकर आणि त्यांच्या उपनद्यांवर मिळून आठ धरणांची साखळी होती.

आता जलाशयाचे कप्पे पाहा. सर्वांत खाली मृत साठा. तेथे गाळ बसतो आणि ते पाणी सहसा वापरता येत नाही. त्यावर उपयुक्त साठा. हे पाणी सिंचनासाठी आणि विजेसाठी. सर्वांत वर पुरासाठी राखलेली जागा. ती पावसाळ्यात रिकामी ठेवावयाची असते. वीज निर्माण करण्यासाठी पाणी मोठ्या पोलादी नळांतून खाली सोडतात. त्याच्या दाबाने टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज देते. पाण्याची उंची जितकी अधिक तितकी त्याच पाण्यातून वीज अधिक. हे पाणी वीज देऊन नदीतच परत येते, म्हणून उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदीही बारमाही वाहू लागते.

येथेच एक कायमचा विरोध दडलेला आहे. वीज निर्माण करणाऱ्याला जलाशय भरलेला हवा असतो. पूर आवरणाऱ्याला तो रिकामा हवा असतो. शेतकऱ्याला पाणी पिकाच्या वेळी हवे असते. पावसाळ्याच्या मध्यास धरण किती भरावे, हा निर्णय ज्याच्या हाती असेल त्याने एकाच बाजूचे हित पाहिले, तर दुसरी बाजू बुडते किंवा वाळते. धरण लवकर भरून ठेवले आणि शेवटी मोठा पाऊस आला, तर सर्व दरवाजे एकाच वेळी उघडावे लागतात आणि धरणच पुराचे निमित्त ठरते. म्हणून या परस्परविरोधी हितांचा तोल राखणारे एकच निःपक्षपाती प्राधिकरण हवे. बाबासाहेबांनी खोऱ्यासाठी एक संस्था असावी असा हट्ट का धरला, त्याचे कारण या जलाशयाच्या पोटात आहे.

महानदी आणि कटकची परिषद

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी परिषद झाली. महानदीच्या त्रिभुज प्रदेशात वारंवार महापूर येत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकातच तेथे जलाशय बांधण्याच्या दिशेने तपास व्हावा असे सुचविले होते. तरी अनेक समित्यांचे लक्ष पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्रात कसे घालवावे याकडेच होते. बाबासाहेबांनी या विचाराच्या मुळावरच घाव घातला. पाण्याचे आधिक्य हे संकट आहे, ही समजूतच चुकीची. पाण्याच्या विपुलतेपेक्षा पाण्याच्या अभावाने माणसे अधिक पीडित होतात. पाणी ही राष्ट्राची संपत्ती आहे आणि निसर्ग ती सारखी वाटीत नाही, म्हणून ती साठविली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. साताऱ्याच्या शाळेत तहानलेला राहिलेला मुलगा पाणी समुद्रात फेकून द्यावयाच्या योजनेला मान्यता देणे शक्यच नव्हते, असे आम्हाला वाटते.

या परिषदेनंतर महानदीच्या बहुउद्देशीय योजनेस गती आली. मार्च १९४६ मध्ये संबलपूरजवळ हिराकुड धरणाची कोनशिला बसली आणि जानेवारी १९५७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. शोण नदीच्या खोऱ्याविषयीही बाबासाहेबांच्या कार्यकाळात विचारविनिमय झाला.

मात्र परिषदा भरवून देश घडत नाही, संस्था लागतात, हे बाबासाहेब जाणून होते. त्यांच्या कार्यकाळात १९४४ साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ आणि १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. या आयोगाचे अध्यक्ष अयोध्यानाथ खोसला हे भारतीय अभियंता होते. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याच आयोगाचा वारसदार होय. ही सर्व धावपळ चालू असतानाच, जुलै १९४५ मध्ये, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. धरणे आणि महाविद्यालये ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच वर्षात आरंभिली, ही गोष्ट आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने कधीही विसरू नये.

१९४६ च्या मध्यास त्यांचा मजूर सदस्याचा कार्यकाळ संपला. पुढे संविधान लिहिताना हा अनुभव कामी आला. आंतरराज्यीय नद्यांचे नियमन व विकास हा विषय संघसूचीत ५६ व्या क्रमांकावर आला, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी मांडलेली नदीजल तंट्यांविषयीची तरतूद अनुच्छेद २६२ या रूपाने संविधानात समाविष्ट झाली. आजही दोन राज्यांत पाण्याचा वाद झाला की या अनुच्छेदाचे स्मरण करावे लागते.

फलित आणि अपुरेपणा

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली संसदीय कायद्याने दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. खर्चाच्या वाटणीत न्यायाचे तत्त्व स्पष्ट दिसते. विजेचे भांडवल केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल यांनी समान वाटून घ्यावयाचे. पूरनियंत्रणाचा भार मात्र केंद्राने आणि ज्याला त्याचा लाभ त्या पश्चिम बंगालने उचलावयाचा. १९५३ साली तिलैया, १९५५ साली कोनार, १९५७ साली मैथन आणि १९५९ साली पंचेत अशी चार धरणे उभी राहिली. दुर्गापूरचा बंधाराही १९५५ साली पूर्ण झाला.

परंतु चरित्र लिहिताना गौरवाबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. आठ धरणांच्या जागी महामंडळाने चारच बांधली. मैथन व पंचेत येथे पुरासाठी आखलेल्या पूर्ण उंचीपर्यंत जमीन संपादित झाली नाही, म्हणून पुरासाठी ठेवलेली सर्व जागा वापरता आली नाही. पुढे जलाशयांत गाळ साचत गेला. परिणामी लहान व मध्यम पूर आवरले गेले, पण १९७८ आणि २००० सालच्या मोठ्या पुरांत खालच्या प्रदेशाला पुन्हा झळ बसली. १९७८ साली धरणांनी येव्याचा मोठा भाग अडवून धरला होता. तरी धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसावर त्यांची सत्ता नव्हती. पूर नाहीसा झाला असे समजून नदीच्या पात्रात वस्ती करणाऱ्यांना हा पाठ महाग पडला. आपल्या महाराष्ट्रातही पुराच्या रेषेच्या आत घरे बांधण्याची चूक वारंवार होते.

दुसरा अपुरेपणा अधिक वेदनादायक आहे. या धरणांखाली ज्यांची गावे गेली त्यांत संथाळ आणि इतर आदिवासी, तसेच भूमिहीन माणसे फार होती. हिराकुडच्या विस्थापितांना तर भरपाईसाठी दशकानुदशके दारे ठोठवावी लागली. वीज दूरच्या कारखान्यांना गेली, आणि धरणाजवळच्या अनेक झोपड्यांत अंधार राहिला. बाबासाहेबांच्या नीतीचा गाभा, म्हणजे ज्याची जमीन जाते त्यालाही लाभाचा वाटा मिळाला पाहिजे हा विचार, प्रांतांच्या पातळीवर पाळला गेला. माणसांच्या पातळीवर तो पुरता पाळला गेला नाही. दामोदरच्या एका काठाचा बांध काढून दुसरा काठ राखण्याची जुनी रीत नव्या रूपात परत आली, असे खेदाने म्हणावे लागते. हे सांगितल्याने बाबासाहेबांच्या कार्याला उणेपणा येत नाही. त्यांनी सुरू केलेले काम किती शिल्लक आहे, तेवढे मात्र कळते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मैथन धरण पूर्ण झालेले पाहण्यास ते राहिले नाहीत. त्यानंतर तीन वर्षांनी, ६ डिसेंबर १९५९ रोजी, पंतप्रधान पंडित नेहरूंच्या उपस्थितीत पंचेत धरणाचे उद्घाटन झाले, आणि ते धरणावर काम करणाऱ्या एका संथाळ मजूर मुलीच्या हातून करण्यात आले. तारखेचा हा योग कोणी जुळवून आणला नव्हता. तरीही बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, एका श्रमिक मुलीच्या हाताने, त्यांनी मांडलेल्या योजनेतील धरण राष्ट्राच्या सेवेत रुजू व्हावे, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. त्या मुलीच्या समाजाला धरणाचा पुरेसा लाभ मिळाला नाही, हेही त्याच क्षणी आठवावे लागते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही प्रशासनात जातील, काही शेती करतील. पावसाळ्यात एखाद्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी ऐकाल तेव्हा तीन गोष्टी विचारण्याची सवय लावून घ्या. धरणात पुरासाठी जागा रिकामी ठेवली होती काय? सोडलेले पाणी कोणाच्या दारात जाणार आहे, आणि त्याला वेळेवर कळविले आहे काय? या धरणासाठी ज्याचे गाव गेले, त्याच्या घरी दिवा लागला आहे काय? हे तीन प्रश्न जो प्रामाणिकपणे विचारील आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत स्वस्थ बसणार नाही, तो बाबासाहेबांच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाचा खरा वारस होय.

तहानलेल्यांना तळे आणि बुडणाऱ्यांना धरण देऊ पाहणाऱ्या त्या प्रज्ञासूर्यास या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.